मालिकांचे यशापयश आणि आपले घर

(कार्यकर्त्यांच्या कौटुंबिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



दूरचित्रवाणीवरील मालिका हा विषय कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. कारण साधे आहे. आपण संपर्कासाठी ज्या घरांत जातो, त्या घरांत आपल्या आधी मालिका पोहोचलेली असते. आपण महिन्यातून एकदा जातो, ती रोज जाते. कोणत्या मालिका समाजमनात रुजल्या, कोणत्या धडपडल्या आणि कोणत्या अकाली बंद पडल्या, हे समजून घेणे म्हणजे समाजमनच समजून घेणे होय.

या विषयावर दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले मत असे, की 'रामायण', 'महाभारत' यशस्वी झाल्या त्या विषयाच्या पावित्र्यामुळे. लोक पूर्वी चांगले होते, आता बिघडले. दुसरे मत असे, की त्या काळी वाहिनीच एक होती. लोक दुसरे पाहणार तरी काय? ही दोन्ही मते सोयीची आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. इतिहासाकडे जरा बारकाईने पाहिले की हे ध्यानात येते.

उपदेश कथेवर स्वार होतो तेव्हा

भारतात दूरचित्रवाणी आली १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत. मुंबई केंद्र सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ हा दिवस उजाडावा लागला. १९८२ मध्ये राष्ट्रीय प्रक्षेपण आणि रंगीत चित्र आले, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, ७ जुलै १९८४ रोजी, 'हम लोग' सुरू झाली. या मालिकेच्या मुळाशी आपल्या विदर्भातील एक नेते होते. तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंतराव साठे यांनी मेक्सिकोतील प्रयोग पाहिला होता. तेथे मिगेल साबिदो यांनी लोकप्रिय कौटुंबिक मालिकांतून साक्षरता आणि कुटुंबनियोजन यांचा प्रसार केला होता. तेच भारतात करावे, ही कल्पना होती.

सुरुवातीला काय झाले? कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका ठळक होता, की प्रेक्षक कंटाळले. पहिल्या तेरा-एक भागांनंतर लेखक मनोहर श्याम जोशी यांनी उपदेशाची मात्रा कमी केली आणि कथेला पुढे केले. मग बडकी, मझली, छुटकी, नन्हे, लल्लू ही मुले घराघरांतली झाली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी चार शब्द बोलत. त्यांना आणि दूरदर्शनला लाखो पत्रे आली. ही मालिका १७ डिसेंबर १९८५ पर्यंत चालली.

या मालिकेचा पुढे शास्त्रशुद्ध अभ्यास झाला आणि त्यातून एक गोष्ट समोर आली. सारे मुकाट सोसणारी भागवंती हे पात्र लेखकाने 'असे वागू नये' हे दाखविण्यासाठी योजले होते. परंतु अनेक प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानले! संदेश देणाऱ्याने एक म्हणावे आणि घेणाऱ्याने दुसरेच घ्यावे, असे घडले. प्रबोधन करणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण गाठीशी बांधावे. श्रोता म्हणजे रिकामे भांडे नव्हे. तो स्वतःचे मन घेऊनच समोर बसलेला असतो.

'वाहिनी एकच होती' हे उत्तर पुरेसे आहे काय?

२५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांची 'रामायण' सुरू झाली. रविवारची सकाळ आणि ओस पडलेले रस्ते यांचे वर्णन आपण सर्वांनी ऐकले आहे. अनेकांनी ते अनुभवले आहे. दूरदर्शनच्या त्या काळच्या पद्धतीत मालिकेला साधारणपणे १३ भागांच्या पटीत मंजुरी मिळे, कारण १३ आठवडे म्हणजे एक तिमाही. 'रामायण'ला आरंभी ५२ भागांची मंजुरी होती. मुदत वाढत वाढत ती ७८ भागांवर गेली आणि ३१ जुलै १९८८ रोजी थांबली.

दुसरी वाहिनी नव्हती, हे खरे. परंतु त्याच एका वाहिनीवर, त्याच वर्षांत कितीतरी मालिका १३ भागांत आटोपल्या आणि आज त्यांची नावेही कुणाला आठवत नाहीत. म्हणजे एकाधिकाराने प्रेक्षक समोर बसवला, पण त्याला हात जोडायला लावले ते वेगळ्या कशाने तरी.

ते 'वेगळे' म्हणजे परंपरेची तयार जमीन. रामकथा पुढे काय घडते हे कळावे म्हणून कुणी ऐकत नाही. ती कशी सांगितली जाते, यासाठी ऐकतो. कीर्तन, पोथी, रामलीला यांनी समाजाला शतकानुशतके हीच सवय लावली होती. आपल्या महाराष्ट्राला तर आठवड्याच्या मालिकेची सवयही होती. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. गदिमांचे शब्द, बाबूजी फडके यांचे संगीत आणि दर आठवड्याला एक नवे गीत. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या ५६ झाली. दर आठवड्याला नव्या भागाची वाट पाहणारा श्रोता महाराष्ट्रात 'रामायण' मालिकेच्या तीस वर्षे आधी तयार झाला होता.

सागरांनी ही जमीन ओळखली. मालिकेच्या आरंभी आधारग्रंथांची नावे येत. त्यांत वाल्मीकी आणि तुलसीदास होतेच, शिवाय तमिळ कंबन, बंगाली कृत्तिवास आणि आपल्या संत एकनाथांचे 'भावार्थ रामायण'ही होते. प्रत्येक प्रांताला 'ही आमची कथा' असे म्हणता यावे, याची ही व्यवस्था होती.

याच मालिकेच्या शेवटी जे घडले, ते आपण विसरता कामा नये. मालिका राज्याभिषेकापाशी थांबली. उत्तरकांड दाखवावे, या मागणीसाठी वाल्मीकी समाजातील सफाई कामगारांनी उत्तर भारतातील काही शहरांत संप पुकारला. महर्षी वाल्मीकींना ते आपले आद्यपुरुष मानतात, आणि उत्तरकांडात वाल्मीकी हे केवळ कवी नसून सीतामाईला आश्रय देणारे, लव-कुशांना घडविणारे पात्र आहेत. सरकारला मागणी मान्य करावी लागली आणि पुढची कथा पडद्यावर आली. ज्या बांधवांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांनी रामकथेवरचा आपला हक्क सांगितला. समरसतेच्या दृष्टीने याहून मोठा धडा कोणता असेल?

लेखणीचे बळ

२ ऑक्टोबर १९८८ रोजी बी. आर. चोप्रांची 'महाभारत' सुरू झाली आणि १९९० पर्यंत तिचे ९४ भाग झाले. महाभारतात नायक-खलनायकांची सरळ वाटणी नाही. सर्वांचे पाय मातीचे आहेत. इतका गुंतागुंतीचा पट सामान्य प्रेक्षकाला पेलेल कसा? 'काळ' हाच निवेदक करून त्यांनी हा प्रश्न सोडविला. हरीश भिमानींच्या आवाजातील तो काळ प्रेक्षकाचा हात धरून त्याला पुढे नेत असे. श्रीकृष्णाच्या भूमिकेतील आपले नितीश भारद्वाज तर देशभर पूज्य झाले.

या मालिकेचे संवाद लिहिले डॉ. राही मासूम रझा यांनी, आणि त्यांना पंडित नरेंद्र शर्मांचे मार्गदर्शन लाभले. मुस्लिम कुटुंबात जन्मलेल्या या लेखकाने संस्कृतप्रचुर हिंदीत हे संवाद असे उतरविले, की 'पिताश्री', 'माताश्री' ही संबोधने शाळकरी मुलांच्या तोंडी आली. संस्कृती ही जन्माने मिळते त्याहून अधिक साधनेने मिळते, याचा हा पुरावा आहे. विषय महान होताच. पण यश मिळाले ते लेखणीच्या साधनेला.

बिकट वाटेची मालिका

८ सप्टेंबर १९९१ रोजी सुरू झालेल्या 'चाणक्य'ची वाट मात्र वेगळी होती. वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. चंद्रप्रकाश द्विवेदी या मालिकेचे लेखक, दिग्दर्शक आणि नायकही होते. अर्थशास्त्र, 'मुद्राराक्षस' अशा ग्रंथांचा अभ्यास करून त्यांनी तो काळ उभा केला. येथे तयार जमीन नव्हती. चाणक्याचे नाव सर्वांना ठाऊक, पण त्याची कथा कुणी पाळण्यात ऐकलेली नव्हती. भाषा कठीण, गती संथ आणि चमत्कार शून्य.

शिवाय मालिका वादातही सापडली. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील माणसांच्या तोंडी आधुनिक राष्ट्रकल्पना घातली आहे, असा आक्षेप काही इतिहासाभ्यासकांनी घेतला. आपल्याला हा आक्षेप रुचणार नाही. पण त्याला उत्तर द्यायचे तर मूळ ग्रंथ उघडूनच द्यावे लागेल. घोषणेने ते होणार नाही. ४७ भागांनंतर ९ ऑगस्ट १९९२ रोजी मालिका संपली. 'रामायण'सारखी गर्दी तिच्या वाट्याला आली नाही, परंतु गंभीर ऐतिहासिक मालिकांची चर्चा निघाली की तिचे नाव आजही घ्यावेच लागते. काही कलाकृतींचे यश आठवड्यात मोजता येत नाही. त्यांना दशके द्यावी लागतात.

एकच वर्ष, तीन मालिका

'विषय आपला असला की पुरे', असे मानणाऱ्यांसाठी २००८ हे वर्ष बोलके आहे. त्या सुमारास नव्या वाहिन्यांची रीघ लागली होती. एनडीटीव्ही इमॅजिन वाहिनीवर त्या जानेवारीत सागर परिवाराने नवे 'रामायण' आणले; ते २००९ पर्यंत चांगले चालले. जुलैत नाइनएक्स वाहिनीवर बालाजी टेलिफिल्म्सने महाभारतावरील मालिका आणली. भरपूर जाहिरात झाली, पण वेशभूषेपासून मांडणीपर्यंत टीका झाली आणि वर्ष संपण्याआधीच ती बंद पडली. वर्षाच्या अखेरीस मराठीत स्टार प्रवाहने 'राजा शिवछत्रपती' सुरू केली. नितीन देसाईंची भव्य निर्मिती आणि डॉ. अमोल कोल्हेंचा शिवराय महाराष्ट्राने मनापासून स्वीकारला.

तिन्ही वाहिन्या नव्या, तिन्ही विषय आपल्या अस्मितेचे. मग फळ वेगळे का? माझ्या मते ज्यांनी प्रेक्षकाची श्रद्धा आणि स्मरण यांचा आदर केला, ते टिकले. ज्यांनी महाकाव्याला सासू-सुनेच्या मालिकेचा साज चढविला, त्यांना प्रेक्षकाने नाकारले. आणि पुढे पाहा: 'रामायण' चालूनही ती इमॅजिन वाहिनी २०१२ मध्ये बंद झाली. एक मालिका वाहिनीला उभारी देऊ शकते, तिचा रोजचा खर्च भागवू शकत नाही.

आठवड्याकडून रोजच्याकडे

येथे अर्थकारणाकडे वळावे लागते. दूरदर्शनच्या काळात मालिका राहणार की जाणार, हे मंडी हाऊसमधील अधिकारी ठरवीत. खासगी वाहिन्यांच्या काळात ते आकडे ठरवू लागले. काही निवडक घरांत यंत्रे बसवायची आणि त्यावरून कोट्यवधींची आवड मोजायची, ही ती पद्धत. २००१ मध्ये मुंबईतील अशा घरांची गोपनीय यादीच फुटल्याचे उघड झाले, तेव्हा या डोलाऱ्याचा पाया किती अरुंद आहे ते दिसले. पुढे २०१५ पासून मोजणीची व्यवस्था बदलली, नमुना वाढला. पण आकडा हाच निर्णायक राहिला.

दुसरा बदल त्याहून खोल आहे. साप्ताहिक मालिकेचे वर्षाला ५२ भाग होतात. आठवड्यातून पाच दिवस चालणाऱ्या मालिकेचे २६०. ज्या ७८ भागांत सागरांनी दीड वर्ष देशाला बांधून ठेवले, ते रोजच्या मालिकेला चार महिनेही पुरत नाहीत! मग कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, असे कामाचे तुकडे पडतात. कथेत पाणी घालावे लागते. एकाच संवादावर सहा चेहरे दाखवावे लागतात.

मराठीतील दोन उदाहरणे पाहा. दोन्ही मालिका २००१ मध्ये सुरू झाल्या. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वर आधारलेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आठवड्यातून एकदा येई. तिच्यात कारस्थाने नव्हती, खलनायिका नव्हती. होते ते एक मध्यमवर्गीय घर, आबा, मुलगा, सून आणि नातवंडे. दुसरी 'चार दिवस सासूचे'. ती २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. व्यवसायाच्या तराजूत दुसरी भारी, यात शंका नाही, आणि तिने असंख्य घरांना रोजची सोबत दिली, हेही मान्य केले पाहिजे. पण आज घरात एखादा जुना भाग लावायचा म्हटले तर आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांचे एकमत कोणत्या मालिकेवर होते, ते तुम्हीच सांगा.

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखविली. १६ एप्रिलच्या भागाला ७ कोटी ७० लाख प्रेक्षक लाभल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. आकड्यावर वाद झाला. लोक घरात अडकलेले होते, हेही खरे. पण त्या वेळी शेकडो वाहिन्या हाताशी होत्या, आणि तरीही तीन पिढ्या एका पडद्यासमोर बसल्या. 'लोक बिघडले' हे मत तेथेच खोटे ठरले.

आपण काय करावे?

तेव्हा बंधु-भगिनींनो, मालिकांना नावे ठेवणे हे सर्वांत सोपे काम आहे. ते आपण पुष्कळ केले. आता तीन गोष्टी कराव्यात, असे मी सुचवितो.

पहिली, घरात आठवड्यातून एक कार्यक्रम ठरवून, सर्वांनी मिळून पाहावा आणि पाहून झाल्यावर त्यावर बोलावे. मुले भागवंतीकडून काय उचलतात, हे बोलल्याशिवाय कळत नाही.

दुसरी, चांगले दिसले तर लगेच कळवावे. 'हम लोग'ला लाखो पत्रे आली, म्हणून लेखकाला दिशा सापडली. आपण निषेधाची पत्रे तत्परतेने लिहितो आणि कौतुकाची विसरतो. मग चांगली मालिका मुकाट्याने बंद पडते आणि आपल्याला ते वर्षाने कळते.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. आपल्या घरातील एखाद्या मुलाने वा मुलीने 'मला लेखक व्हायचे आहे' असे म्हटले, तर कपाळाला आठ्या घालू नयेत. डॉक्टर झालेला एक तरुण 'चाणक्य' घडवायला निघाला, तेव्हा त्याच्या घरच्यांनाही चिंता वाटलीच असेल. विषय आपल्याकडे उदंड आहेत. संतांनी आणि इतिहासाने दिलेले भांडार अपार आहे. उणीव आहे ती वर्षानुवर्षे बसून लिहिणाऱ्या हातांची. ते हात आपल्या घरांतून यावेत, एवढी अपेक्षा व्यक्त करतो आणि थांबतो.