पिंजऱ्यातला ससा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी पाककृती सांगते, कोणी यात्रेचे वर्णन करते. मी सशाविषयी बोलणार म्हटल्यावर चिटणीसबाईंना हसू आले. पण गेल्या उन्हाळ्यात एका सशाने मला जे शिकविले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यात माझी स्वतःची चूकही आहे. चारचौघींत चूक कबूल केली की ती पुन्हा होत नाही, असे माझी आई म्हणत असे.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची गॅलरी दिसते. तिथे नवरा-बायको, सासू-सासरे आणि आठ वर्षांचा मुलगा असे कुटुंब राहते. यजमान चाकणच्या कारखान्यात पाळीवर आहेत. पहाटेची बस, नाहीतर रात्रपाळी. मुलाच्या वाढदिवसाला कोणी तरी एक पांढरा ससा भेट दिला, तोही तारेच्या पिंजऱ्यासकट. मुलाने नाव ठेवले कापूस. पहिले पंधरा दिवस कौतुकाचे गेले. मग शाळा, परीक्षा, आजारपणे. आणि पिंजरा गॅलरीत पाण्याच्या पिंपाशेजारी जाऊन बसला. पिंजरा केवढा? दीड हात लांब, एक हात रुंद. ससा त्यात वळू शके, पण उडी मारू शकत नसे. दुपारनंतर तिथे पश्चिमेचे ऊन येई.

मी हे आठ महिने पाहिले. भाजी चिरता चिरता पाहिले, आणि "लोकांच्या घरातले आपण काय बोलावे" असे म्हणून खिडकी लावून घेतली. कुत्रे असते तर भुंकून त्याने शेजार जागा केला असता. ससा ओरडत नाही. दुखले तरी गप्प बसतो, कारण दुखणे दाखविणारा प्राणी शिकाऱ्याच्या तोंडी आधी सापडतो. आणि जो मागत नाही त्याला काही लागतच नाही, असे आपण खुशाल धरून चालतो. हे आपण घरातल्या माणसांच्या बाबतीतही करतो. पण तो विषय पुढच्या वर्षी!

एप्रिलमध्ये एके दुपारी कापूस पिंजऱ्यात आडवा पडून धापा टाकताना दिसला. मी तशीच उठले, जिना चढले आणि त्या माउलीला चांगले चार शब्द सुनावले. तिने ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाली, "काकू, आम्ही पाच माणसं दोन खोल्यांत राहतो. सासऱ्यांची खाट उभी केल्याशिवाय मुलाला अभ्यासाला बसता येत नाही. सशाला बंगला कुठून आणू?"

मी जिना उतरले ती मान खाली घालून. मुलीचे लग्न झाल्यापासून माझी मागची खोली ट्रंका ठेवायला वापरली जाते. जागा माझ्याकडे होती आणि उपदेशही मीच करीत होते! संध्याकाळी पुन्हा गेले. म्हटले, "पोरी, दुपारचं मनावर घेऊ नकोस. ससा तुमचाच, राहील माझ्याकडे. मुलानं मात्र रोज संध्याकाळी यायचं, झाडलोट त्यानं करायची." तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "मलाही ते बघवत नव्हतं, काकू." तेव्हा मला कळले, की दुर्लक्ष करणारी प्रत्येक बाई निर्दय नसते; पुष्कळदा ती थकलेली असते.

दुसऱ्या दिवशी सशांची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडे गेलो. तारेवर बसून बसून कापसाच्या तळपायांना जखमा झाल्या होत्या. दात वाढले होते. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच ते झिजतात. इथे मिळत होती पोळी, बिस्किटे आणि गाजरे. चित्रातला ससा गाजर खातो, पण खऱ्या सशाला ते आपल्या पेढ्यासारखे, क्वचित एखादा तुकडा. त्याचे खरे जेवण म्हणजे वाळलेले गवत, आणि तेही दिवसभर समोर हवे. जोडीला मूठभर कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला. आपल्या चिंचवडला मोरया गोसावींच्या देवळाबाहेर ज्या दुर्वांच्या जुड्या मिळतात, त्या दुर्वा सशालाही मानवतात. फक्त फवारणीच्या नसाव्यात आणि धुऊन घ्याव्यात. उलट चाकणचा कांदा कितीही नावाजलेला असो, कांदा-लसूण सशाला विषासारखे. लसूणघास वाढत्या पिलांना चालतो, मोठ्या सशाला रोज नको.

आणखी एक धोका सांगते. पायाच्या जखमा पाहून घरी उरलेले प्रतिजैविक द्यावे, असे माझ्या मनात आले होते. वैद्यांनी वेळीच हात धरला. पेनिसिलिनच्या कुळातले औषध सशाला तोंडावाटे दिले, तर पोटातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि ससा दगावू शकतो. १९५४ साली ज्या आपल्या पिंपरीत पेनिसिलिनसाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तिथल्या बाईने हे लक्षात ठेवायला हवे! ससा दिवसभर काही खात नसेल किंवा त्याच्या लेंड्या बंद झाल्या असतील, तर घरगुती उपाय करीत बसू नये. त्याच दिवशी वैद्य गाठावा.

आता जागेचे. इंग्लंडमध्ये सशांच्या कल्याणासाठी काम करणारी संस्था एका जोडीसाठी तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच एवढी जागा सांगते, म्हणजे साधारण दहा फूट बाय साडेसहा फूट. ऐकून छाती दडपते. पण तेवढी जागा पिंजऱ्याचीच हवी असे नाही. जाळीचे कुंपण घालून खोलीचा अर्धा भाग दिला तरी भागते. सशाला सलग तीन-चार उड्या मारता याव्यात, मागच्या पायांवर उभे राहिल्यास कान छताला लागू नयेत, आणि लपायला एखादे खोके असावे. फरशीवर पाय घसरतो, म्हणून गवताची चटई घालावी. विजेच्या तारा उचलून ठेवाव्यात, नाहीतर त्या तो हमखास कुरतडतो. एका कोपऱ्यात जुने पसरट घमेले, त्यात वर्तमानपत्र आणि गवत ठेवले की बहुतेक ससे तिथेच घाण करतात. झाडलोट निम्मी होते.

सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो बरीचशी कानांवाटे टाकतो. पारा तिशीच्या वर गेला की त्याला त्रास होऊ लागतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मे कसे असतात ते सांगायला नकोच. मी बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवते आणि दुपारी पडदा ओला करते. त्याला आंघोळ मात्र कधीही घालू नये, आणि कान धरून तर मुळीच उचलू नये.

काही जणी म्हणतील, एवढा खटाटोप करण्यापेक्षा दुर्गा टेकडीवर सोडून द्यावा. तसे करू नका. रानातला ससा आणि हा ससा नावाने एक, पण जातीने वेगळे. पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे. इथल्या रानात त्याला ना वाट कळेल ना वैरी. सोडला म्हणजे कुत्र्यांच्या तोंडी दिला. आपल्या रानातल्या सशाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, तोही घरात आणू नये.

कायदा पाळीव सशाच्याही बाजूने आहे. प्राण्याला हालचाल करता येणार नाही अशा अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा ठरतो. आणि या कायद्यामागे एक बाई होती, हे सांगताना मला अभिमान वाटतो. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ साली राज्यसभेत आल्या आणि त्यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक मांडले. त्यातूनच पुढे हा कायदा झाला. पण शेजारणीला कायदा दाखवू नये. आधी विचारावे, "तुला काय अडचण आहे?"

कापूस माझ्याकडे आला तेव्हा एवढी खोली मोकळी असूनही तो आठवडाभर कोपऱ्यातल्या दीड हात जागेतच बसून राही. तेवढीच दुनिया आहे असे त्याने धरले होते. मग एका संध्याकाळी तो खोलीभर धावला आणि हवेत उडी घेऊन तिथल्या तिथे वळला. मुलगा ओरडला, "आजी, याला वेड लागलं!" वैद्यांना विचारले तर म्हणाले, ससा आनंदात असला की असेच करतो.

आता मुलगा रोज येतो, त्याची आई भाजीचा पाला धुऊन पाठविते, आणि आम्ही दोघी कधी नव्हे त्या अर्धा तास बोलत बसतो. कापसाचे पाय बरे झाले आहेत. नीट सांभाळला तर ससा आठ-दहा वर्षे जगतो, म्हणजे हा मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत. म्हणून वाढदिवसाला ससा भेट देण्यापूर्वी तेवढ्या वर्षांचा हिशेब करा. आणि तुमच्या खिडकीतून असा एखादा पिंजरा दिसत असेल, तर माझ्यासारखे आठ महिने थांबू नका.