गच्चीवरचे ऊन आणि दफ्तरातला अर्ज

चेन्नईतल्या मैलापूरच्या गच्चीवर पापड वाळविताना ज्या उन्हासाठी कुणी कधी परवानगी मागितली नाही, त्याच उन्हापासून वीज निर्माण करून ती सार्वजनिक तारांत सोडावयाची झाल्यास मात्र रीतसर अर्ज करावा लागतो. आणि ते यथायोग्यच आहे, कारण दुरुस्तीसाठी पुरवठा बंद केलेल्या तारेत आपल्या गच्चीवरून प्रवाह उतरला, तर खांबावर चढलेल्या माणसाच्या प्राणांशीच गाठ पडते. केंद्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत आरंभिलेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेच्या संकेतस्थळावर ग्राहकक्रमांकासह केलेला अर्ज चेन्नईत तमिळनाडूच्या वीज वितरण महामंडळाकडे रुजू होतो, आणि त्याच वर्षी दुरुस्त झालेल्या नियमांन्वये १० किलोवॅटपर्यंतच्या सौरसंचास तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी उरलेली नाही. नोंदणीकृत विक्रेत्याने संच उभारल्यावर घेतलेली आणि दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारे मीटर बसते, व मगच ३ किलोवॅटच्या संचाचे ७८,००० रुपये अनुदान खात्यात जमा होते. सदनिकाधारकांची वाट अधिक बिकट: गच्ची सामाईक, म्हणून शेजाऱ्यांची लेखी संमती आधी हवी, आणि ती, माझ्या मते, महामंडळाच्या मंजुरीहूनही दुर्लभ.