सेकंदकाटा



निमंत्रणपत्रिकेवर 'बालकांचे नेहमीचे आजार आणि पालक' असा विषय छापला आहे, आणि तो मीच कळविलेला असल्याने त्याविषयी तक्रार करण्याची मुभा मला नाही. परंतु गोवर, कांजिण्या, जुलाब, जंत, खरूज या सर्व मंडळींची हजेरी तासाभरात घ्यावयाची म्हणजे शिरस्तेदाराने नुसती नावे पुकारावी तसे होईल. जुलाबात जलसंजीवनीची पुडी लिटरभर पाण्यात विरघळवून घोटघोट पाजावी, जोडीला डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस जस्ताची गोळी द्यावी, अंगावरचे पाजणे थांबवू नये, हे येथे बसलेल्या आज्यांना तोंडपाठ आहे. तेव्हा ते प्रकरण दाखल दप्तर करून मी माझ्या छंदाकडे वळतो. माझा छंद म्हणजे घड्याळाचा सेकंदकाटा. (हशा.)

हसण्यास हरकत नाही. ज्या घरात पाच वर्षांखालचे मूल आहे, त्या घरात औषधाच्या बाटलीआधी सेकंदकाट्याचे घड्याळ असावे, असे माझे प्रतिपादन आहे. पौषातल्या आपल्या नगरी थंडीत सर्दी-खोकला कोणत्या लेकराला चुकला आहे? बहुतेकांचा तो आपोआप बरा होतो. ज्या थोड्यांच्या फुप्फुसांत न्यूमोनिया उतरतो त्यांची खूण केवळ तापावरून किंवा खोकल्याच्या आवाजावरून पटत नाही, ती श्वासाच्या गतीवरून पटते. मूल शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, अंगडे वर करून पोटाकडे पाहावे आणि एक वर-खाली म्हणजे एक, असे पुरे एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आतील तान्ह्यास ६०, तेथून वर्षापर्यंत ५०, वर्षापासून पाचापर्यंत ४०. आकडा येथे पोचला की दवाखाना गाठावा. श्वास आत घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मूल काही पीत नसेल, झटके येत असतील किंवा हाक मारूनही जागे होत नसेल, तर मोजण्यातही वेळ दवडू नये.

हे वेड मला लागले कसे, ते थोडक्यात सांगतो. चाळीसएक वर्षांपूर्वी गळिताच्या हंगामात मी ऊसतोड्यांच्या तळावर जात असे. पाथर्डीकडचा एक कोयता (नवराबायकोच्या जोडीला त्या जगात कोयता म्हणतात, माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने व्हावी हे मला आजही बोचते) भल्या पहाटे फडात गेलेला, आणि पाचटाच्या कोपीत, चुलीच्या धुरात, आठ महिन्यांची नात मांडीवर घेऊन आजी बसलेली. पोरीला ताप नव्हता. मी रुबाबात नळी लावली, छातीत काही ऐकू येईना, म्हणून सर्दीचे औषध देऊन उठलो. म्हातारी म्हणाली, "डाक्तर, हिचा भाता लई जोरात चाललाय." मी म्हणालो, "आजी, सर्दीत असे होतेच." त्या वयात मला सर्व काही येत होते. (हशा.) माझे औषध तिने तसेच पदराला बांधले, एका गाडीवानाला गळ घातली आणि उसाच्या गाडीवरून नात तालुक्याला नेली. दुसऱ्या दिवशी मी पोचलो तो पोरीला प्राणवायू लावलेला. ती वाचली, त्यात माझा वाटा काही नाही. "आजी, तुम्हाला कळले कसे?" असे विचारता ती म्हणाली, "रोज माझ्याच मांडीवर निजती. तिचं पोट किती हालतंय ते मला म्हाईत न्हाई व्हय?"

अशा बायकांच्या नजरेवर भरवसा ठेवला तर काय होते ते पाहा. ज्या जामखेडास डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली आले, तेथे हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत. त्यांनी गावोगावच्या, बहुतांशी निरक्षर अशा स्त्रियांना आरोग्यसेविका केले, आणि १९९०च्या दशकात तो आकडा तिशीच्या खाली आला. तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अक्षरशत्रू दायांसाठी मण्यांची चौकट करविली: दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा, आणि वाळूच्या घड्याळातील वाळू संपण्याआधी तांबड्या मण्याची पाळी आली की न्यूमोनिया समजावयाचा. लिहिता न येणाऱ्या बाईला जे साधले ते आपल्या पदवीधर सूनबाईंना का साधू नये?

मागच्या रांगेत माझे दोन व्यवसायबंधू बसले आहेत, त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मला येथून दिसतात. महाराज, मी घरोघर डॉक्टर बसविण्यास निघालेलो नाही. औषध कोणते आणि किती, ही सनद तुमच्याकडेच राहू द्या. परंतु "एक सुई ठोका" म्हणणाऱ्या बापापेक्षा "मिनिटाला छप्पन्न" म्हणत येणारा बाप तुम्हालाही परवडेल की नाही? (टाळ्या.) आणि 'डबा', म्हणजे हाच न्यूमोनिया, झाला म्हणून लेकराच्या पोटावर बिब्ब्याचे चटके देणे आता कोठे उरले नाही, असे जे शहरात म्हणतात, त्यांना एवढेच सांगतो की ते डाग मी पाहिले आहेत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दोनच मिनिटे उरली म्हणतात. म्हणजे घड्याळाची बाजू मांडणाऱ्यावरच घड्याळ उलटले. (हशा.) लसीकरण, कुपोषण आणि जंत तसेच राहिले, त्यांची कैफियत पुढल्या वर्षी, बोलावलेत तर. आज एवढेच करा: घरी नातवंड निजलेले असेल, धडधाकट असेल, तेव्हाच त्याचे अंगडे वर करून एक मिनिट मोजा आणि तो आकडा भिंतीवरल्या दिनदर्शिकेवर टिपून ठेवा. आजारपणात पहिल्यांदा मोजणाऱ्याचा हिशेब चुकतो.