खणण्याआधी पाहणारा माणूस



आज मी एका नोकरीविषयी बोलणार आहे. ही नोकरी आपल्या नगरपालिकांत नाही. इंग्लंडमधल्या कौन्सिलांत आहे. काही ठिकाणी होती असं म्हणायला हवं. कुणी घर, गोदाम, रस्ता बांधायचा म्हटलं की त्या अर्जाची एक प्रत या माणसाच्या टेबलावर येते. तो जुने नकाशे काढतो, नोंदी पाहतो आणि सांगतो की इथं खणण्याआधी जरा पाहायला हवं, किंवा इथं काही हरकत नाही, खुशाल बांधा. हुद्दा पुरातत्त्व सल्लागार. पगार बेताचा, दिमाख शून्य.

कवी माणसाला हे काय सुचलं, असं तुम्हाला वाटेल. पण पोटापाण्यासाठी मी पंचवीस वर्षं एका नगरपालिकेत बांधकाम परवानगीच्या टेबलावर कारकुनी केली आहे. माझ्या निम्म्या कविता जुन्या अर्जांच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिलेल्या आहेत. त्यामुळे फाईल कुठून कुठे जाते आणि कुठे अडते, हे मला वृत्तांपेक्षा जास्त कळतं. पाण्याचा ना हरकत दाखला, गटाराचा, रस्त्याचा, अग्निशमनाचा, असे सगळे दाखले मी फायलीला टाचले. जमिनीच्या पोटात काय आहे, असा प्रश्न विचारणारा रकाना मात्र मी कधी पाहिला नाही.

इंग्लंडमध्येही हा रकाना फार जुना नाही. 1989 साली लंडनमध्ये कचेऱ्यांच्या एका इमारतीसाठी खणताना रोज नावाच्या नाट्यगृहाचे अवशेष लागले. 1587 साली बांधलेलं, शेक्सपिअरची नाटकं जिथं झाली ते हे नाट्यगृह. नामवंत नटनट्या रस्त्यावर उतरल्या, मोठा गहजब झाला आणि शेवटी इमारतीचा आराखडा बदलून अवशेष तिच्या पोटात राखले गेले. त्या धड्यातून नोव्हेंबर 1990 मध्ये सरकारनं मार्गदर्शक नियम काढला. त्याचा मथितार्थ असा, की जमीन उकरण्याआधी तिच्यात काय आहे ते तपासा, आणि तपासण्याचा खर्च जो बांधणार त्यानं करायचा.

यातली मेख नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. उत्खननाचा पैसा कौन्सिलच्या तिजोरीतून जात नाही. तो बिल्डर देतो, खाणवाला देतो. कौन्सिलला पोसावा लागतो तो फक्त सांगणारा माणूस आणि त्याची नोंदवही. कुणा शेतकऱ्याच्या नांगराला नाणी लागली, विमानातून काढलेल्या फोटोत उभ्या पिकात जुन्या भिंतीची रेघ उमटली, कुठं विहीर खोदताना खापरं निघाली, अशी प्रत्येक गोष्ट जागेसकट त्या नोंदवहीत उतरवलेली असते. नवा अर्ज आला की हा माणूस नोंदवहीशी ताडून पाहतो, गरज असेल तर चाचणीचे चर खणायला लावतो, काम नीट झालं का ते जाऊन बघतो आणि मगच फाईल पुढे सरकवतो. त्याच्या एका शेऱ्यावर दुसऱ्यांच्या खिशातले लाखो पौंड इतिहासाच्या कामी येतात. कारकुनाच्या भाषेत सांगायचं तर सगळं बिल दुसऱ्याच्या नावावर, आपल्याला फक्त शाई लागते.

2008 ची मंदी आली, 2010 पासून सरकारनं कौन्सिलांची अनुदानं छाटायला सुरुवात केली आणि ही शाईच महाग झाली. कात्री नेमकी इथंच का लागली, याचं उत्तर कायद्यात आहे. म्हाताऱ्यांची देखभाल, निराधार मुलांची जबाबदारी ही कामं कौन्सिलवर कायद्यानं बंधनकारक आहेत. पुरातत्त्वाचा सल्ला बंधनकारक नाही. साधी नोंदवही ठेवणं बंधनकारक करण्याची तरतूदसुद्धा 2023 च्या कायद्यात आली, तोवर निम्मं पाणी पुलाखालून गेलं होतं. 2006 नंतरच्या बारा-तेरा वर्षांत इंग्लंडच्या कौन्सिलांना सल्ला देणाऱ्या पुरातत्त्वज्ञांची आणि जुन्या इमारतींच्या जाणकारांची संख्या साधारण तिसऱ्या हिश्श्यानं घटली. मर्सीसाइडमध्ये, म्हणजे लिव्हरपूल आणि आसपासच्या कौन्सिलांसाठी चालणारी सेवा 2011 मध्ये सरळ बंद झाली. लिव्हरपूलचं बंदर तेव्हा जागतिक वारसा यादीत होतं. (2021 मध्ये ते त्या यादीतून निघालं, त्याची कारणं वेगळी, गोदीकाठच्या नव्या बांधकामांची.) काही वर्षांनी तिथली नोंदवही पुन्हा उघडली. पण मधल्या काळात मंजूर झालेल्या अर्जांच्या जमिनी कुणी पुन्हा उकलून बघणार आहे का?

माझी मुलगी आणि जावई पीटरबरोला असतात. मुलगी परिचारिका आहे. 2024 च्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे होतो, तेव्हा तिच्याशी या विषयावर वाद झाला. ती म्हणाली, "अब्बा, माझ्या वॉर्डात एखादी आजी बरी होऊनही पडून राहते, कारण घरी तिला बघायला माणूस पाठवायला कौन्सिलकडे पैसे नाहीत. तुम्ही खापरांचं काय घेऊन बसलात?" तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. खापर आणि म्हातारी यांत निवड करायची तर म्हातारीच निवडावी. पण हिशेब तसा आहे का? एका सल्लागाराचा पगार वाचवून किती आज्यांची सोय होते? आणि तो पगार गेला की बिल्डर जो पैसा देत होता तो काही आजीकडे वळत नाही. तो बिल्डरच्याच खिशात राहतो. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुमचं टेबल सुटलं, पण कारकुनी सुटली नाही."

पीटरबरोच्या पूर्वेला दहा-एक किलोमीटरवर व्हिटल्सी नावाचं गाव आहे. हा फेनलंड जिल्हा, पूर्वीची दलदल. इथल्या कौन्सिलच्या तेव्हाच्या नेत्यानं जून 2011 मध्ये बांधकामांच्या बक्षीस समारंभात जाहीर केलं, की यापुढे आमच्याकडे बांधण्याआधी पुरातत्त्वाची अट राहणार नाही; एखाद्या प्राचीन चर्चच्या शेजारची जागा असेल तर गोष्ट निराळी. कुणाला बघायचंच असेल तर पाया खोदताना येऊन बघावं. बरीच आरडाओरड झाली आणि कौन्सिलला माघार घ्यावी लागली.

पाया खोदताना बघा, हे ऐकायला समंजस वाटतं. आमच्या कबरस्तानात कबर खोदणारा म्हातारा असंच करतो. हाताशी जुनं हाड लागलं की थांबतो, ते अदबीनं एका बाजूला मातीआड करतो, मग पुढे खोदतो. पण त्याच्या हातात कुदळ असते आणि कुदळीमागे त्याचा हात असतो. जेसीबीला काय कळतं? तिच्या एका घासात हजार वर्षं जातात, आणि ड्रायव्हरला मजुरी खेपांवर मिळते.

याच व्हिटल्सीजवळ मस्ट फार्म नावाची मातीची खाण आहे. विटांसाठी तिथली चिकणमाती काढतात. खाणीच्या परवानग्या जिल्ह्याच्या नाही, त्यावरच्या काउंटी कौन्सिलच्या हातात असतात, म्हणून त्या नेत्याचा फतवा टिकला असता तरी इथं लागू झाला नसता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण गंमत बघा. ज्या 2011 मध्ये तो फतवा निघाला, त्याच वर्षी या खाणीत बुजलेल्या नदीच्या पात्रातून खोडं कोरून केलेल्या प्राचीन होड्या निघू लागल्या. एक-दोन नाही, नऊ. आणि 1999 मध्ये तिथंच कुणाच्या तरी नजरेला काही लाकडी खांब पडले होते, नोंदले गेले होते, त्या नोंदीचा माग धरून 2015-16 मध्ये केंब्रिजच्या पुरातत्त्वज्ञांनी पद्धतशीर उत्खनन केलं. 11 लाख पौंडांचा प्रकल्प होता. पैसा शासनाच्या वारसा संस्थेनं आणि खाणीच्या मालक कंपनीनं मिळून दिला.

निघालं काय? इसवी सनापूर्वी साधारण 850 मधली वस्ती. नदीवर खांब रोवून उभारलेली गोल घरं, भोवती कूड. वस्ती बांधून वर्षही झालं नसेल आणि तिला आग लागली. माणसं जिवानिशी पळाली, पण घरं संसारासकट कोसळून गाळात बुडाली. गाळानं सगळं राखलं. शंभराहून जास्त मातीची भांडी, कुऱ्हाडी, विळे, तागासारख्या धाग्याच्या लडी आणि त्यांचं तलम कापड. तीन-सहा महिन्यांच्या कोकरांची हाडं मिळाली, त्यावरून आग उन्हाळ्याच्या शेवटी-शेवटी लागली असावी असा अंदाज बांधता आला. काही मण्यांच्या काचेचा माग तर थेट मध्यपूर्वेपर्यंत लागतो. तीन हजार वर्षांपूर्वीचा तो मणी किती हात बदलत त्या दलदलीत पोचला असेल!

पण मी अडकलो ते एका वाडग्यापाशी. त्यात गव्हाची चरबी घातलेली लापशी होती आणि लापशीत लाकडी चाटू तसाच. वाडग्याच्या मातीवर घडवणाऱ्याच्या बोटांचे ठसे आहेत. पीटरबरोच्या संग्रहालयात त्या उन्हाळ्यात मस्ट फार्मच्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. नात कंटाळली, तरी मी हललो नाही. राजे-रजवाड्यांच्या बखरी असतात, शिलालेख असतात. लापशी ढवळणाऱ्या बाईची बखर कुणी लिहिली? तिची साक्ष फक्त मातीत आहे, आणि माती एकदाच वाचता येते.

आपल्याकडे या मातीला नाव आहे. गावाची जमीन दोन प्रकारची, काळी आणि पांढरी. काळीत पिकतं, पांढरीवर माणूस राहतो. पिढ्यान्पिढ्या राहून, जळून, पडून, पुन्हा बांधून जी माती राखट होते ती पांढरी. मराठवाड्यात धाब्याच्या घरांवर टाकायला हीच माती गाड्या भरभरून नेत. तेरसारख्या गावात अशा टेकाडांतून सातवाहन काळचा केवढा ऐवज वर आला! रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या तिथल्या एका व्यापाऱ्यानं तो हौसेनं आणि हट्टानं जमवला, म्हणून आज तिथं त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे. खात्यानं ठेवायचा माणूस गावानं आपणहून दिला. पण दर गावाला लामतुरे मिळत नाहीत. आपला 1958 चा कायदा आणि त्यातली 2010 ची दुरुस्ती संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामाला बंदी घालते, पुढच्या दोनशे मीटरला परवानगी लावते. जे जाहीरच झालेलं नाही त्या पांढरीवर कॉम्प्लेक्स उभं राहताना मात्र विचारणारं कुणी नाही. म्हणून इंग्लंडची ही कात्री मला परकी वाटत नाही. आपल्याकडे जे टेबल कधी मांडलंच नाही, ते तिथं मांडून मग उचललं जातं आहे.

तिथलं सरकार 2024 मध्ये 15 लाख घरं बांधण्याचं उद्दिष्ट घेऊन सत्तेवर आलं. घरं हवीतच, माझी लेक सात वर्षं भाड्यानं राहिली, मला त्याची झळ माहीत आहे. एवढी घरं म्हणजे एवढे पाये. ते खोदण्याआधी नोंदवही उघडणारा माणूस प्रत्येक कौन्सिलच्या टेबलावर असेल की नाही, हे दरवर्षीच्या अंदाजपत्रकात, कुणाच्या फारसं लक्षात न येता ठरत राहील.

मस्ट फार्मची सगळी वस्ती मात्र सापडलेली नाही. संशोधकांच्या अंदाजानं जवळजवळ निम्मी विसाव्या शतकातच, नियम येण्याआधी, खाणकामात गेली. त्या निम्म्यात किती घरं होती, किती चुलींवर काय शिजत होतं, कुणी सांगू शकणार नाही. त्या मातीच्या विटा झाल्या. पीटरबरोच्या बाजूला जुन्या गल्ल्यांतली घरं त्या भागातल्या विटांचीच आहेत, आणि आता मुलीनं जे घेतलं आहे तेही.