टाकीत तारामासा ठेवायचा, तर कोणता?

होमस्टे चालवणाऱ्या आपल्या दोन-तीन गटांकडून एकच प्रश्न आलाय. ओटीवर खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवायची आहे. त्यात खडक, समुद्रफूल, चार छोटे मासे आणि पाहुण्यांच्या मुलांना आवडेल असा एक तारामासा. पण कोणता घ्यायचा? दुकानदार म्हणतो, कोणताही चालेल. तसं नाही, बायांनो.

तारामासा हा मासाच नव्हे. त्याला कल्ले नाहीत, रक्त नाही. अंगात बारीक नळ्यांचं जाळं असतं, त्यातून समुद्राचंच पाणी खेळतं आणि त्याच्या जोरावर खालच्या बाजूचे इवले इवले पाय चालतात. तोंडही खालीच. कित्येक जाती पोट तोंडावाटे बाहेर काढून भक्ष्य जागच्या जागी पचवतात. म्हणून आपण स्थळ बघताना मुलगा करतो काय ते विचारतो, तसं इथे हा खातो काय, ते आधी विचारायचं. रंगरूप मागाहून.

दुकानात सर्रास मिळतो तो फिकट अंगावर काळे गोंडे असलेला, चॉकलेट चिप नावाचा. लाल गोंड्यांचा त्याचा भाऊबंदही मिळतो. दोघेही दिसायला देखणे आणि चिवट. पण प्रवाळ, स्पंज, शिंपले, समुद्रफूल, काही सोडत नाहीत. नुसत्या माशांच्या टाकीत ठीक, खडक-समुद्रफुलांच्या टाकीत नको.

निळा तारामासा, लिंकिया, कुणाला त्रास देत नाही. त्रास त्यालाच होतो. खडकावर जमणारा बारीक जैविक थर खाऊन तो जगतो आणि नव्या टाकीत तो थर नसतोच. निदान चारशे लिटरची, वर्षभर मुरलेली टाकी असेल तरच त्याचा विचार करा. नाहीतर तो उपाशी मरतो, तेही लगेच नाही. महिनोन्‌महिने आतून झिजत राहतो आणि आपल्याला वाटतं, छान रमलाय. वाळूत घुसणाऱ्या तारामाशाची तीच गत. वाळूतले बारीक जीव संपले की त्याचं ताट रिकामं. काठाला काटे असलेले असे तारे आपल्या किनाऱ्यावरही दिसतात. उचलून घरी आणू नका.

मग उरतो कोण? लांब, सापासारखे वळवळणारे हात असलेला ब्रिटल स्टार. नवशिक्या घराला हाच बरा. दिवसा खडकाच्या फटीत लपतो, रात्री निघून माशांचं उष्टं-खरकटं खातो. आठवड्यातून दोनदा कोळंबीचा बारीक तुकडा त्याच्या हातापाशी ठेवला की झालं. धरून ओढलं तर हात तुटतो, पुन्हा उगवतो, पण म्हणून मुलांना हाताळायला देऊ नका. फक्त हिरव्या रंगाचा मोठा ब्रिटल स्टार टाळा. तो रात्री हातांवर उभा राहून कमान करतो, आडोसा समजून खाली आलेला मासा गुंडाळतो आणि खातो. सकाळी तुम्ही मांजराला शिव्या घालाल.

आता आणण्याची रीत. पिशवीतून काढून थेट टाकीत सोडायचा नाही आणि हवेत उचलायचाही नाही. पिशवीतल्या पाण्यासकट पसरट डब्यात ओता. टाकीतून बारीक नळी लावा, नळीला सैल गाठ मारा आणि सलाईनसारखं थेंब थेंब पाणी दोन तास डब्यात पडू द्या. मग पाण्याखालीच भांड्यात घेऊन सोडा. पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार हवेत. मोजायचं साधन घ्याच. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडसर होतं, ते आणून ओतलं तर तारामासा टिकणार नाही. माशांना रोग झाला म्हणून तांब्याचं औषधही त्या टाकीत घालू नका, तारामासा आधी मरेल. अंगावर पांढरे चट्टे आले, हात लोंबले, सडायला लागला, तर लगेच बाहेर काढा. एक मेलेला अख्ख्या टाकीचं पाणी नासवतो.

प्रवाळाबद्दल स्पष्टच सांगते. प्रवाळ २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. समुद्रातून ते तोडणं, विकणं गुन्हा आहे. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कोणी "घरच्यासाठी एक तुकडा देतो" म्हणाला, तरी घेऊ नका. सजावटीला कृत्रिम प्रवाळ मिळतात, पाहुण्यांना तेही आवडतात.

पैशाचं म्हणाल, तर टाकीसाठी गटातून कर्ज मागणारीला माझं एकच सांगणं असतं. आधी टाकी खडक, वाळू आणि दोन माशांवर सहा महिने चालवून दाखव. पाणी स्थिर राहिलं, मीठ आणि विजेचा महिन्याचा खर्च वहीत उतरला, की ब्रिटल स्टारसाठी हप्ता मागायला ये. गटातल्या बाकीच्या बायकाही मग "हो" म्हणतात.

जाळ्यात जिवंत तारामासा आला, तर घरधन्याला सांगा, होडीवरूनच परत पाण्यात सोडा. पुढच्या भागात खेकडापालनाच्या पिंजऱ्यांबद्दल बोलू. प्रश्न असतील तर गटाच्या बैठकीत लिहून द्या.