हात पोचेल एवढाच वाफा

आठवडी बाजारातून आणलेली पालेभाजी दोन दिवसांत संपते. मग पुढच्या बाजारापर्यंत बटाटा, नाहीतर पिठलं. आणि भाजी केली तरी शेवटी जेवणारीच्या ताटात किती उरते, हे मी सांगायला नको. म्हणून आज गादीवाफ्याविषयी बोलू.

आपली जमीन काळी. पावसाळ्यात पाणी साचतं, मेथी-पालकाची मुळं कुजतात. वाफा वीतभर उंच केला की पाणी बाजूच्या सरीत उतरतं. रुंदी तीन फूटच ठेवा. काठाशी बसून हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, कारण वाफ्यावर पाय द्यायचाच नाही. माती दबली की मुळांना हवा मिळत नाही. लांबी दहा फूट पुरे. माती भुसभुशीत करून दोन घमेली कुजलेलं शेणखत मिसळा. ताजं शेण नको, त्यानं हुमणी वाढते. काठाला घरातलेच दगड-विटा लावा, विकत काही आणू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, अख्खा वाफा एकदम पेरू नका. पाव वाफा मेथी आज, पुढचा पाव आठ दिवसांनी, असं चार आठवडे. पहिली मेथी महिन्याभरात निघते, तिथे रगडलेले धणे टाका. म्हणजे दर आठवड्याला काहीतरी हाताशी असतं.

उन्हाळ्यात मात्र उंच वाफा लवकर सुकतो. तेव्हा उलटं करायचं: वाफा खाली, कडेला बांध.

मृगाला अजून अवकाश आहे. खत आत्ताच चाळून झाकून ठेवा.