एकांताची शिक्षा

श्रोतेहो, अमेरिकेत फिलाडेल्फियाला १८२९ साली एक नवा तुरुंग उघडला. फटके नकोत, गर्दी नको. एकांतात माणूस पश्चात्तापानं सुधारेल, असा त्यामागचा सद्हेतू. मधोमध पहाऱ्याची जागा, भोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती. प्रत्येकाला स्वतंत्र कोठडी, छतात उजेडापुरता झरोका. बाहेर नेताना तोंडावर बुरखा. बोलायचं कुणाशी? कुणाशीच नाही!

१८४२ साली कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी तो पाहिला. हा मनाचा छळ शरीराच्या छळाहून भयंकर, कारण याचे वळ दिसत नाहीत, असं त्यांचं मत पडलं. तरी त्याच वर्षी लंडनला पेंटनव्हिलचा तुरुंग त्याच धर्तीवर उभा राहिला. फिलाडेल्फियात ही पद्धत रीतसर सुटायला १९१३ साल उजाडलं.

शिक्षकबंधूंनो, शिक्षा सौम्य की कठोर, हे देणाऱ्यानं नव्हे, भोगणाऱ्यानं सांगायचं असतं.